नागरिकत्वाच्या मुलाखतीची फाइल: कोणते कागद, कोणत्या क्रमाने आणि चुकतं कुठे

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला निघालेली आपली माणसं दोन प्रकारची असतात. एक ग्रीन कार्ड आणि मुलाखतीचं पत्र खिशात घालून निघतो. दुसरा दहावीच्या मार्कशीटपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं बाड काखोटीला मारतो. अडतं दोघांचंही, आणि कारण एकच असतं. स्वतःच भरलेला एन-४००, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म, दोघांनीही पुन्हा उघडून पाहिलेला नसतो.

ओळखीपाळखीच्या लोकांच्या फायली लावून देताना त्याच त्या चुका समोर येतात, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो आहे. तुमचा अर्ज गेला आहे, बोटांचे ठसे झाले आहेत किंवा त्यांची गरज पडलेली नाही, आणि मुलाखतीची तारीख आली आहे किंवा येऊ घातली आहे, असं धरून चालतो.

टप्पा १: भरलेला फॉर्म छापा आणि लाल पेन घेऊन बसा

मुलाखतीत अधिकारी तुमचाच फॉर्म तुमच्यासमोर वाचतो. त्याच्याकडे तुमची जुनी फाइलही असते: ग्रीन कार्डाचा अर्ज, त्याआधीची कंपनीची किंवा नातेवाइकाची याचिका, त्या वेळी जोडलेले दाखले. तेव्हा सांगितलेलं आणि आता लिहिलेलं जुळतं का, आणि अर्ज केल्यानंतर काय बदललं, एवढंच तो पाहत असतो.

म्हणून एन-४०० ची प्रत छापून घ्या. ऑनलाइन भरला असेल तर यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन विभागाच्या, संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात तो मिळतो. वकिलाने भरला असेल तर त्यांच्याकडून मागून घ्या, आणि "आमच्याकडे आहे, तुम्ही काळजी करू नका" या उत्तरावर फोन ठेवू नका. मग ओळ न ओळ वाचत समासात तीनच खुणा करा: बरोबर, चूक, बदललं. चूक आणि बदललं या खुणा असलेल्या ओळी एका वेगळ्या कागदावर उतरवा. नवीन नोकरी, नवा पत्ता, बाळ झालं, भारताची आणखी एक फेरी झाली, वेगाची पावती फाडली गेली, हे सगळं त्यात येतं. मुलाखतीत हा कागद सगळ्यात आधी बाहेर काढायचा आहे.

आयटीतल्या लोकांसाठी एक खास सूचना. कुठे काम करता असं कोणी विचारलं की आपण सवयीने क्लायंटचं नाव सांगतो. फॉर्मवर मात्र डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा टॅक्ससाठीचा दाखला, ज्या कंपनीकडून येतो तिचं नाव हवं. ग्रीन कार्ड नोकरीवर मिळालं असेल तर या ओळीकडे जास्तच लक्ष जातं.

*तपासा:* पत्ता बदलला असेल तर तो १० दिवसांच्या आत यूएससीआयएसला कळवणं बंधनकारक आहे. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे सरकारला कळलं, असं होत नाही.

टप्पा २: जे उशिरा मिळतं ते आधी मागवा

पत्र आल्यापासून मुलाखतीपर्यंत काही आठवडेच हाती असतात. त्यात माणूस घरातल्या कपाटात आहेत ते कागद आधी गोळा करतो, कारण ते सोपं असतं. उलट करा.

सगळ्यात आधी भारतातून येणारे कागद: घटस्फोटाच्या निकालाची नक्कल, विवाह नोंदणीचा दाखला, एखाद्या जुन्या खटल्याचा आदेश. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायला तिथे कोणीतरी जाऊन उभं राहावं लागतं आणि ते काम फोनवर होत नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या कोर्टाचे निकाल, मग आयआरएसचे, म्हणजे इथल्या कर विभागाचे, उतारे, मग भाषांतरं. घरातले कागद शेवटच्या आठवड्यातही सापडतात.

मुलाखतीच्या पत्रावर काय आणायचं ते छापलेलं असतं, ते वाचा. प्रत्येकाला न्यावे लागणारे मूळ कागद थोडेच आहेत:

- मुलाखतीचं पत्र
- ग्रीन कार्ड
- राज्याचं ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स
- सगळे पासपोर्ट, चालू आणि संपलेले, कोपरा कापून रद्द केलेलेसुद्धा
- री-एन्ट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परतण्याचा परवाना) कधी काढलं असेल तर तेही

ग्रीन कार्डाची मुदत संपली म्हणून घाबरायचं कारण नाही. १२ डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची पावती कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढवते. कार्डासोबत ती पावती ठेवा. कार्ड हरवलं असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी नव्या कार्डाचा अर्ज करावा लागतो.

जन्मदाखल्यापायी लोक भारतातल्या भावाला महिनाभर महापालिकेत हेलपाटे घालायला लावतात. साधारण एन-४०० साठी तुमचा जन्मदाखला लागत नाही. घरात असेल तर ठेवा, नसेल तर भावाला सोडा.

टप्पा ३: प्रवासाचा तक्ता

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे एक संध्याकाळ द्या.

गेल्या ५ वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर काढलेली प्रत्येक फेरी फॉर्मवर लागते. अमेरिका कधी सोडली आणि अमेरिकेत कधी परतलात, या दोन तारखा. लोक पासपोर्ट उघडतात आणि भारताच्या शिक्क्यांवरच्या तारखा उतरवून मोकळे होतात. त्या तारखा चुकीच्या आहेत.

समजा, तुम्ही १० डिसेंबरला रात्री साडेआठला नूअर्कहून निघालात. मुंबईला उतरेपर्यंत ११ डिसेंबरची रात्र झाली, आणि शिक्का पडला ११ चा. फॉर्मवर १० हवी. परतताना विमान ५ जानेवारीला पहाटे एकला होतं, पण तुम्ही आदल्या रात्री साडेदहालाच इमिग्रेशनच्या खिडकीतून आत गेलात, म्हणून शिक्का ४ चा. नूअर्कला उतरलात ५ च्या सकाळी, फॉर्मवर ५ हवी. शिक्क्यांवर विसंबलात तर दोन्हीकडे एकेक दिवस चुकतो.

अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का पडतच नाही, आणि परतल्यावर ग्रीन कार्डवाल्यांना तो हल्ली बऱ्याचदा मिळत नाही. मग तारखा आणायच्या कुठून? ईमेलमध्ये विमान कंपनीचं नाव टाकून जुनी तिकिटं शोधा. फोनमधल्या फोटोंच्या तारखा, क्रेडिट कार्डाची बिलं, कंपनीतल्या रजेच्या नोंदी पाहा. सरकारच्या आय-९४ (देशात आल्या-गेल्याच्या नोंदींच्या) संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास दिसतो, पण ग्रीन कार्डवाल्यांच्या नोंदी तिथे अपुऱ्या असू शकतात. त्याचा उपयोग पडताळण्यापुरता करा. गाडीने कॅनडाला जाऊन आलात, नायगाऱ्याच्या पलीकडे दोन रात्री राहिलात, तेही यात येतं. तेच नेमकं सगळे विसरतात.

आता मोजणी. निघाल्याचा आणि परतल्याचा, दोन्ही दिवस अमेरिकेतले धरले जातात. म्हणजे वरच्या फेरीत बाहेर काढलेले दिवस २५. पाच वर्षांच्या नियमाखाली, म्हणजे ग्रीन कार्डावर पाच वर्षं झाल्याच्या आधारावर अर्ज असेल तर, निम्मा काळ, म्हणजे ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवेत. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांच्या तीन वर्षांच्या नियमाखाली हेच १८ महिने होतात.

एक-दोन दिवसांच्या फरकाने सहसा काही बिघडत नाही. मुलाखतीत सांगून दुरुस्त करता येतो. बिघडतं ते सहा महिन्यांच्या सीमेवर. एकच फेरी सहा महिन्यांपेक्षा लांबली की तुमचं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं, आणि ते तुटलं नाही हे तुम्ही दाखवायचं. त्यासाठी त्या काळात इथलं घर चालू होतं याचा भाडेकरार किंवा कर्जाचे हप्ते, इथली नोकरी सुटली नव्हती याचं पत्र, नवरा-बायको किंवा मुलं इथेच होती याचे पुरावे न्या. आजारपणामुळे अडकला असाल तर भारतातल्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्डही. फेरी एक वर्ष किंवा त्याहून लांबली असेल तर सलग वास्तव्य तुटतंच, आणि री-एन्ट्री परमिट असलं तरी ते वाचत नाही. त्या प्रसंगी कागद जमवण्याआधी वकील गाठा.

*थांबा:* ०५/०८ म्हणजे इथे मे महिन्याची ८ तारीख. आपला हात ५ ऑगस्ट लिहितो. तक्त्यात महिना अक्षरांत लिहा आणि फॉर्मवर उतरवताना दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा. माझ्याच पहिल्या तक्त्यात एक फेरी सुरू होण्याआधी संपली होती, आणि ते बायकोने पकडलं.

टप्पा ४: नावांची साखळी

लग्न झालेल्या मराठी बाईची तीन नावं असतात आणि लग्नात तिन्ही बदलू शकतात. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव कागदोपत्री चढलं असेल तर पहिलंही. मग पदवीवर एक नाव, पहिल्या पासपोर्टवर दुसरं, ग्रीन कार्डावर तिसरं. फॉर्मवर आजवर वापरलेली इतर नावं विचारली आहेत. तो रकाना रिकामा ठेवून "माझं काही दुसरं नाव नाही" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट त्यांच्या हातातल्याच पिशवीत होता.

एका कोऱ्या कागदावर साखळी लिहा: कोणतं नाव, कधीपासून कधीपर्यंत, बदलाचा पुरावा कोणता. पुरावा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली जाहिरात किंवा कोर्टाचा आदेश. लग्नपत्रिका आणि हॉलची पावती पुरावा होत नाही.

पुरुषांचं नाव सहसा बदलत नाही, पण स्पेलिंग बदलतं. दीक्षितांमध्ये एक्स आहे की के-एस-एच, मधलं नाव पूर्ण आहे की नुसतं अक्षर, हे ग्रीन कार्ड, लायसन्स आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहा. फरक असला तरी आकाश कोसळत नाही, फक्त तो तुम्हाला आधी माहीत असायला हवा.

कागद मराठीत असेल तर सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातला मजकूर आणि समासातली टीपसुद्धा. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून खाली नाव, सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरीची सक्ती नाही. दोन्ही भाषा येणारा शेजारी हे करू शकतो, पण स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करू नका.

टप्पा ५: टॅक्सचे कागद

पाच वर्षांच्या नियमाखाली पाच वर्षांचे, तीनच्या नियमाखाली तीन वर्षांचे टॅक्सचे कागद तयार ठेवा. टर्बोटॅक्ससारख्या रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमधून छापलेली प्रत बहुतेक जण नेतात. ती तुमच्याकडची प्रत आहे, तेवढ्याने रिटर्न आयआरएसला पोहोचलं हे सिद्ध होत नाही. आयआरएसचा उतारा मागवा, तो फुकट मिळतो. ऑनलाइन खात्यात लगेच दिसतो, टपालाने ५ ते १० दिवस लागतात.

इथे एक खाचखळगा आहे. रिटर्न ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा उतारा, चालू वर्षाचं आणि त्याआधीच्या तीन वर्षांचंच मिळतं. पाचवं वर्ष त्यात बसलं नाही की लोक गोंधळतात. त्या जुन्या वर्षासाठी ऑनलाइन खात्यातून अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्या वर्षाच्या कर-खात्याच्या नोंदींचा उतारा, काढा, आणि सोबत त्या वर्षाच्या रिटर्नची सही केलेली प्रत ठेवा. नंतर दुरुस्त केलेलं रिटर्न किंवा थकबाकी असेल तर तीही अकाउंट ट्रान्सक्रिप्टवरच दिसते. थकबाकीचे हप्ते चालू असतील तर आयआरएसचं करारपत्र आणि भरलेल्या हप्त्यांची नोंद न्या.

*थांबा:* ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर एखाद्या वर्षी "नॉनरेसिडेंट" म्हणून रिटर्न भरलं असेल, किंवा त्या कारणाने भरलंच नसेल, तर फॉर्मवर त्याचा थेट प्रश्न आहे. भारतात दीर्घकाळ राहिलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हे हटकून निघतं. आधी वकिलाशी बोला.

टप्पा ६: लग्नाच्या आधारावर अर्ज असेल तर

फक्त तीन वर्षांच्या नियमाखाली अर्ज केलेल्यांसाठी. जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाहाचा दाखला, दोघांच्याही आधीच्या लग्नांचे घटस्फोटाचे निकाल किंवा मृत्यूचे दाखले, आणि एकत्र राहत असल्याचे पुरावे लागतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा घराचं कर्ज, जोडखातं, एकत्र भरलेला टॅक्स, मुलांचे जन्मदाखले. तिन्ही वर्षांचे थोडे थोडे घ्या. गेल्या दोन महिन्यांचीच बिलं नेली तर जोडी मुलाखतीपुरती एकत्र आल्यासारखी दिसते.

टप्पा ७: अवघड प्रश्नांचे कागद

अटक, ताब्यात घेणं, आरोपपत्र. फॉर्म "कधीही" आणि "जगात कुठेही" विचारतो. "भारतातलं प्रकरण इथे कशाला?" आणि "केस तर रद्द झाली" ही दोन वाक्यं डोक्यातून काढून टाका. कॉलेजच्या आंदोलनात उचललं होतं, सासरच्यांनी गुन्हा दाखल केला होता आणि पुढे तडजोड झाली, इथल्या कोर्टाने नोंद पुसून टाकली, तरी सांगायचं आणि प्रत्येकाचा कोर्टाच्या सही-शिक्क्याचा निकाल न्यायचा.

साध्या ट्रॅफिकच्या पावतीला एवढी धावपळ नको. अटक नव्हती, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नव्हता आणि शिक्षा म्हणून ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवर गुण एवढंच होतं, तर कागद जोडावे लागत नाहीत. कागद लागत नाही याचा अर्थ सांगायचं नाही असा नव्हे. विचारलं तर सांगा.

नागरिक नसताना अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. लायसन्सच्या खिडकीवर भराभर सह्या करताना मतदार म्हणून नाव लागल्याची उदाहरणं आहेत. घरी कधी मतदार कार्ड आलं असेल तर ते फेकू नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून नोंदणीची आणि मतदान केलं की नाही याची लेखी नोंद घ्या, आणि वकिलाशिवाय मुलाखतीला जाऊ नका.

सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीसाठीच्या नोंदणीचा, प्रश्न पुरुषांना. १८ ते २६ या वयात ग्रीन कार्डावर अमेरिकेत होता, तर नोंदणीचा पुरावा छापून घ्या. २६ वर्षं पूर्ण होईपर्यंत एफ-१, एच-१बी, एच-४ अशा वैध व्हिसावरच असाल तर नोंदणी लागत नव्हती, आणि त्या व्हिसांचे कागद तेवढे जवळ ठेवा.

टप्पा ८: आई-वडिलांची मुलाखत असेल तर

अर्ज करताना वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर मुलाखतीतली इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीतून देता येतात. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांची यादीही २० चीच. दुभाषा मात्र आपण न्यायचा. त्याच्याकडे सरकारी ओळखपत्र हवं, आणि अधिकाऱ्यासमोर दोघांना जी-१२५६ या फॉर्मवर सही करावी लागते. तो फॉर्म घरून सही करून नेऊ नका.

मुलगाच दुभाषा म्हणून गेला तर अधिकारी नाकारू शकतो, आणि नाकारला नाही तरी मुलगा आईच्या वतीने उत्तरं द्यायला लागतो. "आई, ते विचारतायत, तू कधी अटक..." असं म्हणून स्वतःच हसत "नो, नो" म्हणणारे चिरंजीव नकोत. शेजारच्या एखाद्या काकू बऱ्या. त्यांच्यासोबत घरी एकदा फॉर्म मराठीत वाचून घ्या.

आजारपणामुळे परीक्षेतून सूट हवी असेल तर डॉक्टरने भरलेला एन-६४८ लागतो. तो मुलाखतीच्या दिवशी आठवण्याचा कागद नाही, अर्जासोबतच जायला हवा.

टप्पा ९: फाइल लावणं

फॉर्मच्या क्रमाने लावा: ओळख, नाव, पत्ता आणि नोकरी, प्रवास, लग्न-मुलं, टॅक्स, अवघड प्रश्न. प्रत्येक मूळ कागदामागे एक झेरॉक्स. मूळ प्रत दाखवायची, झेरॉक्स द्यायची. प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक कागद घालू नका, बाहेर काढताना हात थरथरतात. सगळ्यात वर टप्पा १ मधला बदलांचा कागद आणि प्रवासाचा तक्ता.

*तपासा:* घरच्या कोणाला तरी समोर बसवा. त्याने "२०२३ चा टॅक्स" म्हणावं आणि तुम्ही दहा सेकंदांत काढून दाखवावा. जमलं नाही तर फाइल पुन्हा लावा.

टप्पा १०: त्या दिवशी आणि नंतर

अर्धा तास आधी पोहोचा. शपथ देऊन झाली आणि अधिकाऱ्याने फॉर्म उघडला की तुम्हीच सांगा: "अर्ज केल्यानंतर हे बदललं आहे." तो सुधारणा नोंदवून शेवटी सही घेतो. सही करण्याआधी वाचा. बाकी विचारल्याशिवाय एकही कागद पुढे करू नका. एका गृहस्थांनी आपणहून भारतातल्या जमिनीचा सातबारा दाखवला आणि पुढची दहा मिनिटं सातबारा समजावून सांगण्यात गेली.

निघताना एन-६५२ हा निकालाचा कागद मिळतो. त्यावर "पुढे चालू" अशी खूण असेल तर ती नामंजुरी नाही. बहुतेक वेळा एन-१४ नावाच्या पत्रात हवे असलेले कागद आणि मुदत लिहिलेली असते. त्या यादीतलं सगळं एकाच वेळी पाठवा आणि पोच जपून ठेवा. अर्ज नामंजूर झाला तर एन-३३६ वर फेरसुनावणी मागायला ३० दिवस मिळतात.

मंजुरी मिळाली तरी लाल पेन ठेवून देऊ नका. शपथविधीच्या पत्राच्या मागे, मुलाखतीनंतर देशाबाहेर गेलात का, लग्न, अटक, असं पुन्हा विचारलेलं असतं. शपथेला ग्रीन कार्ड परत घेतात. भारतीय पासपोर्ट मात्र तुमच्याकडेच राहतो आणि तो टाकून द्यायचा नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, त्यामुळे तो प्रवासाला वापरता येत नाही. पण सरेंडर सर्टिफिकेटसाठी (भारतीय नागरिकत्व सोडल्याच्या दाखल्यासाठी) आणि पुढे ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डासाठी) तोच लागतो. पहिल्या आणि शेवटच्या पानाचं स्कॅन करून तो याच फाइलच्या तळाशी ठेवा.